कोपर बसलं पाहिजे

आमच्या घरी भांडे घासायचं खातं माझ्याकडे आहे. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये कामवाली बाई यायची बंद झाली तेव्हा बायको म्हणाली थोडे दिवस तुम्ही बघा, आणि ते थोडे दिवस अजून सुरूच आहेत. बाई परत आली, तिनं झाडू-पोछा सांभाळला, भांड्याचं विचारलं तर बायको म्हणाली, "ते साहेब करतात, त्यांना आवडते." आता यावर काय बोलणार.

तर मागच्या वर्षी किचनचं काम काढायचं ठरलं तेव्हा टाइल्स, ट्रॉल्या, चिमणी यात मला कोणी विचारलं नाही आणि मी पण तोंड घातलं नाही, पण सिंक मी पाहणार हे सांगून टाकलं. ज्याचं पोट ओलं होते त्यानंच ठरवावं.

पोटाचं सांगतो. जुना सिंक ओट्यात मागे बसवलेला, त्याच्यासमोर ग्रॅनाइटची चार इंची पट्टी, त्या पट्टीवर माझं पोट टेकते (तर्री-पोहे, दुसरं काय) आणि पट्टीवर साचलेलं सगळं पाणी बनियन पिऊन घेते. म्हणजे रोज रात्री साडेदहाला मी पोटावर कोणत्यातरी जिल्ह्याचा नकाशा घेऊन टीव्हीसमोर येतो. अशात मोबाइलवर फार्महाउस सिंक दिसला. त्यात समोरची पट्टीच नसते, सिंकचं तोंड ओट्याच्या बाहेर आलेलं आणि एप्रनसारखं खाली उतरलेलं, माणूस सरळ त्याला भिडून उभा राहतो, वाकणं कमी. पाहताक्षणीच पटलं. आता नाव फार्महाउस हे जरा गडबडीचं आहे, कारण आपल्याकडे नागपुरात फार्महाउस म्हणजे काटोल रोडवर कुठंतरी रविवारी सावजी मटण शिजते आणि नंतर भांडे कोण घासते हे कोणालाच माहीत नसते.

मी अभ्यास केला. मूळ हा प्रकार इंग्रजांचा, त्यातही दोन जाती. बेलफास्टच्या सिंकला जास्तीचं पाणी वाहून जायला वर ओव्हरफ्लोचं भोक, कारण तिथं पाणी भरपूर, आणि लंडनच्या सिंकला भोक नाही, कारण तिथं पाण्याची टंचाई, असं सांगतात. हे मी जेवताना मोठ्या उत्साहानं सांगितलं तर आई म्हणाली, "मग आपल्याले लंडनचाच पाहा. उन्हाळ्यात टँकर येते आपल्या इथं."

पहिले लकडगंजला गेलो. दुकानदारानं स्टीलचा एप्रनवाला दाखवला, म्हणे तीनशे चार ग्रेड आहे, सोळा गेज आहे. गेजचं गणित उलटं असते, आकडा लहान तेवढा पत्रा जाड, सोळा हा अठरापेक्षा जाड, हे मला समजायला अर्धा तास लागला आणि बायकोला अजून वाटते की दुकानदारानं फसवलं. ग्रेड तपासायला मी घरून फ्रिजवरचा लोहचुंबक नेला होता, ताडोब्याहून आणलेला वाघ. कोणीतरी सांगितलं होतं की खऱ्या तीनशे चारला चुंबक चिकटत नाही. वाघ लावला, घसरून पडला, मी खूश. दुकानदार शांतपणे म्हणाला, "भाऊ, त्या बाजूच्या स्वस्तवाल्याला लावून पाहा." तो होता दोनशे दोन, निकेल कमी आणि मँगनीज जास्त, गंज लवकर धरणारा. वाघ तिथूनही पडला. मग त्यानं वाघ उचलून तीनशे चारच्याच कोपऱ्यात लावला तर तिथं जरासा चिकटला, म्हणे पत्रा दाबून वाकवला की तेवढ्या जागी चुंबक धरते. म्हणजे नकलीला चिकटत नाही आणि असलीला कोपऱ्यात चिकटते. वाघ खिशात टाकला आणि निघालो.

वर्धा रोडच्या शोरूममध्ये फायरक्ले पाहिला आणि संपलो मी. पांढराशुभ्र, गुळगुळीत, तेहतीस इंच रुंद, दहा इंच खोल. माती आणि वरची झिलई बाराशे डिग्रीच्या आसपास भट्टीत भाजतात म्हणे. "मग आपला मे महिना काढेल तो," बायको म्हणाली, पण किंमत ऐकून लगेच वळली. कढई पडली तर टवका उडेल का? उडू शकते, म्हणून आत खाली ठेवायला स्टीलची जाळी मिळते. "म्हणजे पांढरा सिंक घ्यायचा, मग त्याला वाचवायला स्टील घ्यायचं, तर मग सरळ स्टीलचाच कायले नको?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पण आमच्या बोअरच्या पाण्याचे क्षार माझ्या बाजूनं उभे राहिले. जुन्या स्टीलवर त्या पांढऱ्या डागांनी जीव नकोसा केला होता, मी म्हटलं, डाग पांढरे, सिंक पांढरा, दिसणारच नाही! हे तिला पटलं. वीस वर्षांच्या संसारात माझं इतकं मोठं काही पहिल्यांदाच पटलं असेल.

आईची मात्र एकच अट. कोपर बसलं पाहिजे. कोपर म्हणजे बाकी महाराष्ट्राची परात, पण आमच्या आईचं कोपर परातीच्या बापासारखं आहे, पितळेचं, बावीस इंची, तिच्या लग्नातलं. जुन्या सिंकमध्ये ते कधीच मावलं नाही, एक बाजू घासायची मग फिरवून दुसरी, म्हणजे खंडग्रास ग्रहणच. "माप घेऊन जा" म्हटल्यावर मी इंचपट्टी घेतली तर आई म्हणाली, "त्या पट्टीचं काय, कोपरच घेऊन जा." तर भर दुपारी स्कूटरवर मी पुढं, बायको मागं, आणि मधात कोपर. सिग्नलवर एका माणसानं विचारलं, भाऊ, पंगत कुठं आहे? शोरूमच्या गार्डनं आम्हाला केटरर समजून मागच्या गेटनं जायला सांगितलं. आत त्या गुळगुळीत सिंकमध्ये कोपर ठेवलं, थोडं तिरपं बसलं, पण बसलं. दुकानातल्या पोरानं टाळी वाजवली.

खरी मजा यानंतर. दुकानदार म्हणे ओट्याच्या कटिंगचं माप आणा, फुटणारा माल आहे, एकदा दिला की परत घेणार नाही. मिस्त्री म्हणे सिंक आधी आणा, मग कापतो. कारण माती भट्टीत आकसते, त्यामुळे प्रत्येक नग थोडा वेगळा निघते, कॅटलॉगवर भरोसा ठेवून ग्रॅनाइट कापलं तर एकतर फट राहते नाहीतर सिंक शिरतच नाही. दोघंही बरोबर होते आणि दोघंही फोनवर मलाच ओरडून राहिले होते. वरून मागची पट्टी. समोरचं ग्रॅनाइट तर पूर्ण जाते, मागं नळासाठी जी तीन इंचाची पट्टी उरते ती कापताना नाहीतर उचलताना हमखास तुटते. मिस्त्री रोज यायचा, त्या तीन इंचांकडे पाहायचा, खर्रा (सुपारी-तंबाखूचा) घोटायचा आणि "उद्या करू" म्हणून जायचा. असे नऊ दिवस. त्या नऊ दिवसांत आमच्या हॉलमध्ये सोफ्याच्या बाजूला पन्नास किलोचा सिंक थर्माकोलमध्ये बसून होता आणि येणारा प्रत्येक पाहुणा विचारायचा, बाथटब घेतला का? दहाव्या दिवशी चार जणांनी उचलून किचनमध्ये नेला, एकजण चुकून मोरया म्हणाला.

पट्टी तुटली. एपॉक्सीनं जोडली. नळाच्या मागं आहे, मुद्दाम पाहिलं तरच दिसते, आणि आमच्याकडे येणारे सगळे मुद्दामच पाहतात.

नळ लागला, पाणी आलं, थेंब गळला नाही. एप्रिल महिना, सकाळची वेळ. मी जुना बनियन काढून ठेवला, नवा घातला, कोरडा राहणार म्हणून. किचनमध्ये गेलो तर आई सिंकसमोर उभी आणि आत पाच किलो गहू.

"कुरड्यांसाठी," आई म्हणाली. "अजून उष्टं-खरकटं लागलं नाही याले, तवा पहिला मान गव्हाचा. तीन दिवस भिजू दे. रोज पाणी बदलायले किती सोपं, खालचं बूच काढलं का झालं."

"आणि भांडे?"

आईनं बाल्कनीकडे बोट दाखवलं. तिथं पाट मांडला होता, बाजूला दोन बादल्या, आणि कोपर, रात्रीच्या कणकेनं माखलेलं.