खुलासा : व्हेडर लूकचा बाप, हे १९७७ आधीच ठरलं होतं का?

‘डार्थ व्हेडर हा लूकचा बाप, हे जॉर्ज लुकास यांनी पहिल्या ‘स्टार वॉर्स’आधीच लिहून ठेवलं होतं’ असा मेसेज फिरतोय. (लूक हा या चित्रपटांचा नायक, व्हेडर खलनायक, आणि लुकास त्यांचे निर्माते-लेखक.) पटकथेचे मसुदे मात्र वेगळंच सांगतात.

व्हेडर बाप असल्याचं उघड होतं ते दुसऱ्या चित्रपटात. त्याचा पहिला मसुदा लेखिका ली ब्रॅकेट यांनी फेब्रुवारी १९७८ मध्ये दिला. त्यात लूकच्या वडिलांचा आत्मा येऊन लूकशी बोलतो. व्हेडर ही निराळीच व्यक्ती आहे. मार्चमध्ये ब्रॅकेट वारल्या. पुढचा मसुदा लुकास यांनी स्वतः लिहिला आणि व्हेडर बाप झाला तो तिथे. म्हणजे पहिल्या चित्रपटात लूकचा गुरू ओबी-वान ‘व्हेडरने तुझ्या वडिलांना मारलं’ म्हणतो, ते बहुधा सरळ अर्थानेच लिहिलेलं. ‘एका अर्थी ते खरंच होतं’ ही त्याची सारवासारव १९८३ च्या तिसऱ्या चित्रपटातली. (जमली बऱ्यापैकी, हे मान्य.)

मेसेजसोबत पुरावा म्हणून सुरुवातीच्या सरकत्या मजकुराचा फोटो असतो, ज्यात ‘एपिसोड ४’ दिसतं; म्हणजे आधीची गोष्ट तेव्हाच ठरली होती, असा दावा. १९७७ च्या प्रिंटमध्ये ती ओळ नव्हतीच. १९८१ च्या पुनर्प्रदर्शनाच्या वेळी घातली गेली.

कलाटणी चांगली की वाईट, यावर खुशाल वाद घाला. हा फोटो मात्र पुढे पाठवू नका, आणि ग्रुपवर आलाच तर या तारखा खाली टाका.