माकडं आपले आजोबा नव्हेत, भाऊबंद आहेत

आमच्या पेठेतल्या तालमीच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: "माणूस माकडापासून झाला, तर माकडं अजून का आहेत? माकडाचा माणूस होताना कुणी पाहिलं? मधल्या प्राण्यांचे सांगाडे कुठायत? निर्जीवातून जीव कुणी करून दाखवला? डार्विन खोटा!" ग्रुपवर दहावीची पोरं आहेत. राज्य मंडळाच्या विज्ञान भाग २ मधला त्यांचा पहिलाच धडा 'आनुवंशिकता व उत्क्रांती' आहे. म्हणून गप्प बसवत नाही.

आजची माकडं आपले पूर्वज आहेत, असं जीवशास्त्र म्हणतच नाही. आपला नि त्यांचा मूळपुरुष एक, एवढंच म्हणणं आहे. चुलत घराणं पलीकडच्या गल्लीत नांदतंय म्हणून आपला पणजा खोटा ठरतो का?

आता मूळपुरुष एकच कशावरून? सात-बारा पाहिलेल्याला हे लगेच कळेल. दोन भावांच्या उताऱ्यांत एकाच जागी एकच चुकीचं नाव असलं, तर दोन्ही एकाच जुन्या नोंदीवरून उतरलेत हे उघड असतं. शरीरातही अशा नोंदी आहेत. गाय, म्हैस, कुत्रा क जीवनसत्त्व स्वतःच्या यकृतात बनवतात. आपल्याला मात्र आवळा, पेरू, लिंबू खावं लागतं, कारण ते बनवण्याच्या शेवटच्या टप्प्याचं जनुक आपल्यात मोडकं आहे. ते पुरतं नाहीसंही झालेलं नाही. तसंच मोडक्या अवस्थेत पिढ्यान्‌पिढ्या उतरत आलंय. तेच जनुक चिंपांझीत निकामी आहे, आणि आपल्या राधानगरीच्या जंगलातल्या वानरांतही. गिनी पिग या उंदराच्या गटातल्या प्राण्यालाही क जीवनसत्त्व बनवता येत नाही, पण त्याच्या जनुकातली मोडतोड वेगळी, कारण ती वेगळ्या घराण्यात झाली. मला हा पुरावा कुठल्याही सांगाड्याहून पक्का वाटतो.

कुणी पाहिलं? एका जन्मात माकडाचा माणूस होतो असा दावाच नाही. पण बदल डोळ्यांदेखत होतो. बोंडअळीला मारणारं विष झाडातच तयार करणारा बीटी कापूस भारतात २००२ मध्ये आला. बोंडअळ्या मरायच्या, पण ज्या थोड्यांना ते विष बाधत नव्हतं त्या जगल्या आणि त्यांचीच पैदास वाढली. २०१७ मध्ये विदर्भात गुलाबी बोंडअळीनं बीटीची शिवारंच्या शिवारं पोखरली. शेतकऱ्यांनी ही उत्क्रांती सोसली आहे.

देवमासे जमिनीवरच्या प्राण्यांपासून झाले; त्या वाटेवरचे मधले सांगाडे तर आपल्याच देशात आहेत. काश्मीरच्या बाजूला सापडलेला इंडोहायस हा सुमारे ४ कोटी ८० लाख वर्षांपूर्वीचा, मांजराएवढा खुरांचा प्राणी. त्याच्या कानाच्या हाडाची ठेवण देवमाशासारखी. कच्छमध्ये तर पाय असलेल्या देवमाशांचे जीवाश्म निघालेत.

राहिला जीवाच्या उगमाचा प्रश्न. तो वेगळा आहे आणि पुरता सुटलेला नाही. उत्क्रांती सांगते ती जीव आल्यानंतरची हकिकत. तरी उगमाबाबत हातात काहीच नाही, हेही खरं नाही. १९५३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात स्टॅन्ली मिलर या शास्त्रज्ञानं मिथेन, अमोनिया, हायड्रोजन आणि वाफेत विजेच्या ठिणग्या सोडल्या, तेव्हा प्रथिनांच्या विटा असलेली अमिनो आम्लं तयार झाली. १९६९ मध्ये ऑस्ट्रेलियात मर्चिसन इथं पडलेल्या उल्केतही अमिनो आम्लं सापडली. म्हणजे ती बनायला आधी जीव असावाच लागतो, असं नाही.