मंत्रिपदाने झिलमधला गायक संपवला का?

नमस्कार. ब्राझीलचा गायक-संगीतकार झिल्बेर्तो झिल याच्यावरच्या माझ्या लेखावर आपण लिहिलंत, 'सरकारने तुरुंगात टाकलेला माणूस पुढे सरकारातच मंत्री झाला आणि त्याच्यातला गायक तिथेच संपला.' हे मला अजिबात पटत नाही.

डिसेंबर १९६८ मध्ये झिल आणि त्याचा गायक मित्र काएतानो वेलोझो यांना पकडलं ते ब्राझीलच्या लष्करी राजवटीने. १९६९ ते १९७२ ही वर्षं दोघांनी लंडनमध्ये परागंदा होऊन काढली. २००३ मध्ये झिलला संस्कृतिमंत्री केलं ते निवडून आलेल्या राष्ट्राध्यक्ष लुलांनी, आणि तेही १९८० मध्ये त्याच राजवटीच्या कोठडीत राहून आले होते. झिल लुलांच्या पक्षातलाही नव्हता. तो हरित पक्षाचा.

खरा मुद्दा संगीताचा आहे. जुलै १९६७ मध्ये ब्राझीलच्या संगीतात इलेक्ट्रिक गिटार नको म्हणून साओ पावलोत मोर्चा निघाला, त्यात झिलही चालला होता. त्याच ऑक्टोबरात गाण्यांच्या स्पर्धेत त्याने 'दोमिंगो नो पार्के' गायलं: बाहिया या त्याच्या राज्यातल्या कापोएरात, म्हणजे नाचासारख्या युद्धकलेत, वाजणारं बेरिंबाऊ हे एकतारी धनुष्यासारखं वाद्य आणि शेजारी 'ओस मुतांतेस' या रॉक बँडची इलेक्ट्रिक गिटार! गावचं ते गावाकडे आणि शहरातलं ते शहरात, ही वाटणीच त्याने मोडून टाकली. माझ्यासाठी झिल म्हणजे हेच.

मंत्री झाल्यावर त्याने दुसरं काय केलं? २००४ पासूनच्या 'पोंतोस दे कुल्तुरा' (संस्कृतीची केंद्रं) योजनेत सरकारने नवी सांस्कृतिक भवनं उभारण्यापेक्षा आधीपासून काम करणाऱ्या मंडळांना पैसे दिले. कापोएराचे गट, वस्त्यांमधली हिप-हॉपची पोरं, आदिवासी समूह. सोबत रेकॉर्डिंगचं डिजिटल साहित्य आणि मुक्त सॉफ्टवेअर. बेरिंबाऊशेजारी गिटार उभी करणाऱ्यालाच हे सुचू शकतं. त्याच्या काळात मंत्रालयाने बाहियातल्या रेकोंकावो भागातल्या सांबा दे रोदाचा, म्हणजे गोल करून गायच्या-नाचायच्या लोकप्रकाराचा, प्रस्ताव युनेस्कोकडे नेला आणि २००५ मध्ये त्याला सांस्कृतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली. मंत्रिपदावर असताना त्याने मैफलीही सोडल्या नाहीत. २००३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत तो गायला, तेव्हा सरचिटणीस कोफी अन्नान स्वतः तालवाद्यावर बसले होते.

एक मान्य करतो. त्या वर्षांत नवी गाणी फार थोडी आली. नव्या रचनांचा 'बांदा लार्गा कोर्देल' हा अल्बम २००८ मध्ये आला आणि त्याच वर्षी त्याने मंत्रिपद सोडलं. पण 'संपला' म्हणण्याआधी २०१८ चा 'ओके ओके ओके' हा अल्बम जरूर ऐका. मोठ्या आजारातून उठलेल्या, पंचाहत्तरी ओलांडलेल्या माणसाने त्यात आपल्या डॉक्टरांवर आणि नातवावर गाणी केली आहेत.