खुलासा: कारगिलच्या मिराजवर 'मिका' लावू नका

ग्वाल्हेरच्या विमानांची छोटी मॉडेल जोडणाऱ्यांमध्ये एक मेसेज फिरतोय: '१९९९च्या कारगिल युद्धातलं मिराज-२००० लढाऊ विमान करायचं असेल, तर पंखाखाली मिका क्षेपणास्त्रं लावा.' हे चूक आहे. मिका आलं ते अपग्रेडबरोबर, आणि अपग्रेड झालेली पहिली विमानं मिळाली २०१५मध्ये. १९९९ला महाराजपूरच्या (ग्वाल्हेरचा हवाई तळ) मिराजची हवेतून हवेत मारा करणारी क्षेपणास्त्रं होती सुपर ५३०डी आणि मॅजिक-२. टायगर हिलवर लेझर-बॉम्ब टाकणारं विमान करत असाल, तर लाइटनिंग पॉडही (लक्ष्यावर लेझर धरणारं, विमानाखाली टांगलेलं उपकरण) हवा.

मॉडेलच्या डब्यातलं क्षेपणास्त्र कोणतं, हे व्हर्नियरनं (बारीक मापाची मोजपट्टी) मोजून ओळखा. १/७२ला (मूळ मापाच्या बहात्तराव्या भागाला) सुपर ५३०डी सुमारे ५३ मिमी भरतं, मॅजिक ३८, मिका ४३. पंखाला भोकं पाडण्याआधीच मोजा. नंतर पुट्टी भरून घासताना पॅनेलच्या रेषा पुसल्या जातात. सुपर आतल्या पायलनवर (पंखाखालचा, शस्त्र टांगायचा खांब), मॅजिक बाहेरच्या.

डेकलवरचा (मॉडेलवर चिकटवायची छापील खूण) क्रमांकही तपासा. 'केएफ' म्हणजे एका आसनाचं, 'केटी' म्हणजे दोन आसनांचं. केटीचा क्रमांक एकआसनी सांगाड्यावर चिकटवला की सगळी मेहनत वाया. हवाई दलाच्या गोल खुणेत हिरवा मध्ये, केशरी बाहेर. तो छापखान्याचा दोष नव्हे, बरोबरच आहे.

फोटो पाहताना आधी त्याचं साल बघा. आजच्या फोटोवरून १९९९चं विमान रंगवता येत नाही.