रिटर्नेबल की नॉन-रिटर्नेबल?

भोसरी एमआयडीसीतल्या एका हीट ट्रीटमेंटच्या कारखान्याने माझी सुरी भंगार असल्याचं लिहून दिलंय. तोंडी नाही, लेखी. गुलाबी कागदावर, शिक्क्यासह. कागद मी फाडलेला नाही. असे अपमान नीट घडी घालून ठेवायचे असतात.

मामला असा की आम्ही काही रिकामटेकडे (हा शब्द घरच्यांचा) मिळून हौसेने सुऱ्या बनवतो. ड्रॉइंग सगळ्यांचं एकच. ज्याने त्याने आपापल्या गच्चीत किंवा पार्किंगच्या कोपऱ्यात ती सुरी घडवायची आणि शेवटी सगळ्या एका टेबलावर मांडून दुसऱ्याच्या सुरीतल्या चुका काढायच्या. यंदाचं ड्रॉइंग होतं केफार्टचं. होरेस केफार्ट हा अमेरिकेत सेंट लुइसला ग्रंथपाल होता. १९०४ मध्ये सगळं सोडून तो ग्रेट स्मोकी डोंगरांतल्या जंगलात राहायला गेला आणि रानात कोणती सुरी चालते याचा त्याने पुढे छडा लावला. साडेचार इंचांचं पातं, पाठ पातळ, मूठ साधी, दिखाऊपणा शून्य. ओली लाकडं सोलायला आणि शिकार साफ करायला उत्तम. आमचं जंगल म्हणजे वेताळ टेकडी आणि शिकार म्हणजे पायथ्याशी मिळणारा पेरू. असो.

कानशीने घासणं, भोकं पाडणं, पॉलिश पेपर मारणं हे सगळं घरी होतं. अडतं ते पाणी देण्यापाशी, म्हणजे पातं तापवून, तेलात विझवून कडक करण्यापाशी. आम्ही वापरतो ईएन ३१, म्हणजे बेअरिंगचं पोलाद. त्यात साधारण टक्काभर कार्बन आणि दीड टक्का क्रोमियम असतं. साधं कार्बन स्टील असतं तर विटांच्या भट्टीत लाल करायचं, चुंबक चिकटेनासं झालं (ते होतं ७७० अंशांच्या आसपास) की अजून जरा तापवायचं आणि कोमट तेलात बुडवून मोकळं व्हायचं. ईएन ३१चे लाड जास्त. ते ८२० ते ८४० अंशांवर काही मिनिटं हलू न देता धरावं लागतं, नाहीतर आतली कार्बाइडं (कार्बनचे कडक कण) नीट विरघळत नाहीत. माझी भट्टी जुन्या हेअर ड्रायरच्या वाऱ्यावर चालते. तिला ‘हलू नकोस’ सांगून उपयोग नाही. म्हणून कारखाना.

तिथल्या सुपरवायझरने सुरी हातात घेऊन उलटीपालटी केली.

“किती पीस?”

“एक.”

“म्हणजे सॅम्पल. लॉट कधी येणार?”

“लॉट नाही. एवढीच.”

“चलान?” नव्हतं. “जीएसटी नंबर?” नव्हता. “हार्डनेस किती पाहिजे?” इथे मात्र मी छाती काढून “साठ एचआरसी” म्हणालो (एचआरसी हे कडकपणाचं माप). त्याने मिनिमम चार्ज पंचवीस किलोचा लागेल म्हणून सांगितलं आणि सुरीला तार बांधून ती गिअरांच्या ढिगावर ठेवली. सुरी शंभर-सव्वाशे ग्रॅमची. पण माणूस सज्जन. काम चोख केलं त्याने. पातं वाकलेलं नव्हतं, कानस वरून काचेवरून घसरावी तशी घसरत होती. मी खुशीत सुरी वर्तमानपत्रात गुंडाळून बॅगेत टाकली आणि गेटपाशी आलो.

गेटवर मामा होते. निळा गणवेश, कपाळाला गंध, टेबलावर तीन रजिस्टरं आणि दोऱ्याला बांधलेलं पेन.

“बॅगेत काय?”

“सुरी आहे मामा. हार्डनिंगला दिली होती, घेऊन चाललोय.”

“गेट पास?”

“माझीच आहे ना.”

“आत कधी आणली होती?”

मी वार सांगितला. मामांनी पहिलं रजिस्टर काढलं, बोट थुंकीने ओलं केलं आणि पानं उलटली. “इनवर्डला एंट्री नाही.”

“त्या दिवशी गेटवर दुसरे होते. त्यांनी विचारलंच नाही.”

“म्हणजे कागदोपत्री ही आत आलेलीच नाही.”

“बरोबर. मग बाहेर जायला काय हरकत आहे?”

मामांनी माझ्याकडे करुणेने पाहिलं. “साहेब, जी वस्तू आत आलीच नाही आणि आत आहे, ती कंपनीचीच झाली ना?”

यात खोट काढून दाखवा. मी गेटवर उभ्या उभ्या प्रयत्न केला, नाही सापडली.

“बरं, मग आत्ता इनवर्ड करा.”

“करतो की. पण इनवर्ड बाहेरून आलेल्या मालाची होते. तुम्ही ही आधी बाहेर न्या, मग आत आणा, मी एंट्री करतो, त्यावर ऑफिसातून पास घ्या.”

“नेऊ बाहेर?”

“पास?”

एव्हाना मागे एक छोटा हत्ती येऊन थांबला होता. त्याचा ड्रायव्हर दोनदा हॉर्न वाजवून खाली उतरला, वर्तमानपत्र स्वतःच उघडून सुरी बघितली आणि म्हणाला, “ह्याला मूठ नाही?” मूठ नंतर बसवणार, मी म्हटलं. “धार पण नाही.” ती पण नंतर. “मग आहे काय ह्याच्यात?” असं विचारून त्याने मामांकडे पाहिलं. “जुन्या बाजारात ऐंशी रुपयाला मिळतो हा. मुठीसकट.”

मामांना एकदम उत्साह आला. एवढा वेळ ते एकटे होते, आता पंचायत बसली. दुसरं रजिस्टर उघडलं. “रिटर्नेबल की नॉन-रिटर्नेबल?”

“म्हणजे?”

“परत आणणार की नाही?”

“मी कशाला परत आणीन? माझी आहे!”

“मग नॉन-रिटर्नेबल. त्याला मॅनेजरची सही लागते, साहेब आज चाकणला.” पेन थांबलं. “मालाचं वर्णन काय लिहू? चाकू नाही लिहिता येणार. चाकू लिहिलं की वरून फोन येतो.”

मी कायदा काढला. शस्त्र नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्यांची गोष्ट आहे, शिवाय घरगुती आणि शेतीची अवजारं त्यातून वगळलेली आहेत, हे पातं तर साडेचार इंच, वगैरे. मामांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं. ड्रायव्हरनेही. मग ड्रायव्हर म्हणाला, “एवढा अभ्यास आहे म्हणजे काहीतरी असणार.”

‘लोखंडी पट्टी’ सुचवली. पट्टीला टोक नसतं म्हणून फेटाळली गेली. ‘टोकदार पट्टी’ तर चाकूपेक्षा वाईट. शेवटी तोडगा ड्रायव्हरनेच काढला. त्याला चहाची घाई होती. “मामा, भंगारात दाखवा ना. भंगाराला सही कुठे लागते?”

भंगाराला सही लागत नाही. भंगाराला वजन लागतं. वजनकाटा ट्रकांचा. त्या लांबलचक पोलादी फलाटाच्या मधोमध मी माझी सुरी ठेवली आणि बाजूला झालो. आकडा हलला नाही. मामांनी तिसऱ्या रजिस्टरात वळणदार अक्षरात लिहिलं: भंगार, नग एक, वजन शून्य किलो. मी सही केली आणि शिक्का मारलेली गुलाबी प्रत माझ्या हातात आली. खरं तर तिथेच सुरी फेकून यायला हवं होतं, पण त्या पाठीवर मी इतका एमरी पेपर घासलाय की हाताच्या रेषा पुसट झाल्यात.

मामांचा राग नाही. मॅनेजर ओरडला तर त्यांच्यावरच ओरडणार. राग येतो तो त्या “मग आहे काय ह्याच्यात?”चा. आमच्या सोसायटीत एक गृहस्थ पहाटे उठून पळतात, पळून पुन्हा घरीच येतात. त्यांना कोणी विचारत नाही की किती पीस, लॉट कधी, जीएसटी नंबर काय. उलट गणेशोत्सवात शाल देतात. एकच सुरी, विकायची नाही, गरजही नाही, असं म्हटलं की समोरच्याचा चेहरा बदलतो. एक तर धंदा करा नाहीतर गुन्हा करा, मधलं खातंच नाही.

आणि आता ओघात आलंच आहे तर आमच्याही लोकांना सोडत नाही. केफार्टची लाडकी सुरी एका खेड्यातल्या लोहाराने करून दिली होती, दिसायला अगदी ओबडधोबड. आज ती सुरी ग्रंथपालाच्या नावाने ओळखली जाते, लोहाराच्या नाही. आमच्याकडे रस्त्याकडेला घिसाडी पाल ठोकून बसतात. पुरुष तापलेला तुकडा सांडशीत धरतो, बाई उभी राहून घण घालते, आणि गाडीच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्यातून बघता बघता कोयता तयार होतो. थर्मामीटर नाही, चुंबक नाही. रंग बघून पाणी देतात. आमच्यातलेच लोक जपानी लोहारांचे व्हिडिओ भक्तिभावाने बघतात, ग्राइंडरच्या परदेशी बेल्टसाठी हजारो मोजतात आणि घिसाड्याशी पन्नास रुपयांवरून हुज्जत घालतात. मी समोर उभा होतो. विषय काढला तर म्हणाले, “अरे, पण फिनिश बघ ना त्याचं.”

तर टेबल मांडलं गेलं. एकच ड्रॉइंग, एकच पोलाद, आणि एकीचं तोंड दुसरीला नाही. एकाचं पातं पोटात सुटलंय, एकाने टोक इतकं निमुळतं केलंय की ते पाकीट फोडायलाच बरं. आमच्यातल्या ज्येष्ठांचं पातं तेलात बुडवताना डावीकडे वळलं होतं, त्याला ते ‘इंटरप्रिटेशन’ म्हणाले आणि माझी सुरी उचलून डोळा बारीक करून “पाठ ड्रॉइंगपेक्षा अर्धा मिलिमीटर जाड आहे हो,” असा निकाल दिला.

मी गुलाबी कागद फिरवला. हसले सगळे. मग मी सरळ हिशेब मांडला: मिनिमम चार्ज पंचवीस किलोचा, पुढच्या वेळी सगळ्यांच्या सुऱ्या एकत्र नेऊ, खर्च वाटून घेऊ. सगळ्यांना पटलं. चहा आला. मग कोणीतरी विचारलं, टेम्परिंग (पाणी दिल्यावर कडकपणा जरा उतरवायला पुन्हा हलकं तापवणं) किती अंशांवर? कारण एका लॉटला एकच तापमान, म्हणजे हार्डनेस सगळ्यांचा एकच. एकाला ५८ हवं, कारण धार तुटायला नको. एकाला ६२च्या खाली सुरी ही सुरीच वाटत नाही. ज्येष्ठ म्हणाले, हे आकडे सगळे थोतांड, टेम्पर घरच्या ओव्हनमध्येच करायचं, २०० अंशांवर, दोन दोन तास दोनदा. त्यांच्या ओव्हनवर कोणाचाच विश्वास नाही. आवाज वाढले, चहा गार झाला.

ठरलं ते असं: पुढचं ड्रॉइंगही सगळ्यांचं एकच राहील आणि जो तो आपापला शंभर ग्रॅमचा लॉट घेऊन वेगवेगळा जाईल. मिनिमम चार्ज प्रत्येकी.