तेर: रोम राहू द्या, आधी माती बघा

तेरवरची रील आली की पहिलं वाक्य ठरलेलं असतं. "दोन हजार वर्षांपूर्वी थेट रोमशी व्यापार करणारं आपलं गाव!" मागं ढोल-ताशा, वरून ड्रोनमधून त्रिविक्रमाच्या देवळाची पाठ, आणि खाली 'अभिमान आहे धाराशिवकर असल्याचा'. मीही याच जिल्ह्यातला, अभिमान मलाही आहे. पण या रोमच्या नादात आपण तेरची खरी गोष्ट सांगायचीच विसरतो आहोत, असं मला बरेच दिवस वाटतंय. म्हणून ही लांबलचक पोस्ट. चहा घेऊन बसा.

मुळात 'थेट' काही नव्हतं. पहिल्या शतकात कुणा ग्रीक भाषिक व्यापाऱ्यानं तांबड्या समुद्रापासून आपल्या किनाऱ्यापर्यंतच्या बंदरांची माहिती लिहून ठेवली. 'पेरिप्लस' म्हणतात तिला. गुजरातेतल्या भडोच बंदराहून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि पैठणहून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, 'फार मोठं शहर', असं तो लिहितो. हे तगर म्हणजे आपलं तेर. इथून माल निघायचा तो बैलगाड्यांनी, रस्ते नसलेल्या मुलखातून, पार भडोचपर्यंत. कल्याणचं बंदर त्या मानानं जवळ होतं, पण त्या काळात राजकीय भांडणात ते अडलेलं होतं. चुकून तिकडं ग्रीक जहाज लागलंच तर पहारा देऊन भडोचला नेत, असंही तो सांगतो. म्हणजे आपल्या गाडीवानांनी महिनाभर बैल हाकायचे, घाट उतरायचे, पुढं भडोचचे व्यापारी, मग जहाजं, मग इजिप्त, आणि त्याच्याही पुढं रोम. मधल्या इतक्या माणसांना एका 'थेट'मध्ये गुंडाळून टाकायचं, हे काही बरोबर नाही.

आणि माल कोणता? इथं रीलवाले गप्प होतात. पैठणहून मौल्यवान दगड जायचे. तगरहून जायचं कापड. तलम मलमलही होती, पण तो लेखक पहिलं नाव घेतो ते 'पुष्कळसं साधं कापड' याचं. जाडंभरडं, रोजच्या वापराचं, गठ्ठ्यांनी. मला तर यातच तेरचा मोठेपणा दिसतो. राजाराणीसाठी चार शालू विणणारी गावं कुठंही सापडतील. साधं कापड परमुलखात परवडेल इतकं भरपूर आणि स्वस्त विणायचं, तर त्यामागं किती माग, किती पिंजारी, किती सूत कातणाऱ्या बाया आणि भोवती किती कापसाची काळी रानं लागत असतील!

विषय निघालाच आहे तर एक आडवी गोष्ट सांगतो. याच पट्ट्यातून इंग्रजी काळात बार्शी लाइट ही छोटी रेल्वे धावली. 1897 मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी आणि 1911 पर्यंत थेट लातूर. (इथं 'थेट' चालेल.) त्या छोट्या गाडीतून कापसाच्या गाठी बाहेर जायच्या. आपल्याकडून कापूस जाणार आणि कापड दुसरीकडून येणार, असा उलटा हिशेब तोवर बसला होता. बार्शीत गिरण्या निघाल्या, नाही असं नाही. पण पहिल्या शतकातलं तगर कच्चा माल नाही, तयार कापड पाठवत होतं. आता तर कापूसही मागं पडला, शिवारभर सोयाबीन. अभिमानाच्या पोस्ट लिहिताना हेही कधीतरी लिहावं.

तेर म्हणजेच तगर, हे ठरायलासुद्धा विसावं शतक उजाडलं. तोवर विद्वानांनी तगर जुन्नरला नेऊन बघितलं, दौलताबादला नेलं, धारूरलाही नेलं. तिकडं उत्तर कोकणचे आणि कोल्हापूरचे शिलाहार राजे आपल्या ताम्रपटांत स्वतःला 'तगरपुरवराधीश्वर' म्हणवून घेत होते. राज्य समुद्राकाठी नाहीतर पंचगंगेकाठी, आणि मिरवायचं कुठलं गाव तर तेरणेकाठचं. जुन्या मूळगावाची ती ऐट. शेवटी 1901 मध्ये फ्लीट या शिलालेखांच्या अभ्यासकानं तगरचं तयर, तयरचं तेर अशी नावाची वाट दाखवली, पेरिप्लसमधले दिवस मोजले आणि गाव नक्की केलं. लगोलग पुरातत्त्व खात्याचे हेन्री कझिन्स इथं आले. त्यांना जे दिसलं ते आजही दिसतं. गावाभोवती पांढरीची, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीची टेकाडं, आणि गावात विटांची देवळं.

विटांची! मराठवाडा म्हणजे पायाखाली काळा कातळ, धाराशिवच्या लेण्या काही लांब नाहीत, दगडात काम करणारे हात होते. तरी तेरनं मातीच धरली. त्रिविक्रमाचं देऊळ बघा. मागची बाजू अर्धगोल, वर हत्तीच्या पाठीसारखं गोलाकार छत. लेण्यांतल्या चैत्यगृहाचा आकार, फक्त डोंगरात कोरलेला नाही, जमिनीवर विटांनी रचलेला. असा आकार शाबूत राहिलेली देवळं देशात बोटांवर मोजण्याइतकी. आंध्रातलं चेजर्ल्याचं कपोतेश्वर हे त्यातलं दुसरं. कझिन्स म्हणाले हे आधी बौद्ध चैत्य होतं, पुढं वैष्णवांकडं आलं. नंतरच्या काही अभ्यासकांना ते पटत नाही. मला या वादात बाजू घ्यायची नाही. फेसबुकवर तर नाहीच नाही, कारण कमेंटमध्ये काय होतं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. गावात स्तूपही होता, हे नंतरच्या उत्खननांत निघालं. तोही विटांचा, आतून चाकाच्या आऱ्यांसारख्या भिंती घातलेला. जैनांचं महावीर मंदिर इथं आहे, आणि कनकामर मुनींच्या 'करकंडचरिउ' या अपभ्रंश भाषेतल्या काव्यात तेरापूर येतं. जो जो पंथ आला, त्याला तेरनं आपल्या भट्टीतली वीट दिली, एवढं मला पुरेसं आहे.

उत्तरेश्वराचं आणि काळेश्वराचं देऊळही विटांचंच. वीट भाजायच्या आधी आणि नंतर तासून नक्षी काढायची, असलं नाजूक काम. इथली जुनी वीट पाण्यावर तरंगते म्हणून पाहुण्यांना दाखवतात. चमत्कार वगैरे काही नाही. मातीत भुसा मळला की भट्टीत तो जळून जातो, वीट आतून पोकळ-पोकळ राहते आणि हलकी होते. पण किती भुसा, किती आच, म्हणजे वीट हलकीही होईल आणि शेकडो वर्षं भारही पेलेल, हा अंदाज ज्यांना होता त्यांची नावं कुठल्याच ताम्रपटात नाहीत.

आता येतो लामतुरे संग्रहालयाकडं. रामलिंगप्पा लामतुरे हे तेरचेच व्यापारी. पावसाळ्यात पांढरीवरून पाणी वाहून गेलं की मणी, नाणी, खापरं, मातीच्या बाहुल्या उघड्या पडायच्या. शेतात टाकायला पांढरीची माती खणून न्यायचे, त्यातही निघायच्या. हे सगळं लोकांकडून घेऊन, जपून ठेवायचा नाद या माणसाला लागला. खात्याची उत्खननं झाली, 1958 च्या सुमारास चापेकरांनी केलेलं त्यातलं महत्त्वाचं. पण तेरचा मोठा खजिना टिकला तो या एका माणसाच्या नादामुळं. पुढं तो संग्रह सरकारकडं गेला आणि गावातच संग्रहालय झालं. आपल्याकडं गावोगाव पांढरीची टेकाडं आहेत. प्रत्येक गावाला लामतुरे मिळाले नाहीत, म्हणून त्या गावांचा इतिहास खतासारखा रानात पसरला गेला.

संग्रहालयात सगळे जातात ते हस्तिदंती बाई बघायला. वीतभरही नसेल, पण तिच्यावरून आपले डोळे हलत नाहीत. तशीच एक हस्तिदंती मूर्ती 1938 मध्ये इटलीत पॉम्पेईला सापडली, इसवी सन 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेत गाडली गेलेली. भोकरदनलाही अशीच सापडली आहे. म्हणजे ही कला इथली, दख्खनची, आणि तिचा एक नमुना तिकडं पोचला. रीलमध्ये मात्र हे उलटं येतं. पॉम्पेईत सापडली म्हणून तेरची बाई मोठी!

माझा आग्रह असा, की तिचा फोटो काढून झाला की बाजूच्या कपाटांपाशी थांबा. तिथं पांढऱ्या मातीच्या बाहुल्या आहेत. पुढचा साचा वेगळा, मागचा वेगळा, दोन्ही जोडून आतून पोकळ केलेल्या. केसांच्या रचना बघा, एकीची दुसरीसारखी नाही. तेरला रोमन नाण्यांची नक्कल केलेली मातीची पदकंही सापडली आहेत, गळ्यात घालायला कड्या असलेली. मला सगळ्यात जास्त आवडतात ती हीच. सोन्याचं रोमन नाणं कुणा सावकाराकडं आलं असेल, ते बघून इथल्या कारागिरानं मातीत ठसा उमटवला, भाजला, आणि बाजारात मांडला. रोमचा राजा तेरच्या बाजारात मातीमोल किमतीला! एखाद्या बाईनं यात्रेत घासाघीस करून तो घेतलाही असेल.

आणि मग गोरोबाकाका, म्हणजे संत गोरा कुंभार. तेरणेकाठी समाधी, गावात त्यांचं घर दाखवतात, चैत्रातल्या वद्य पक्षात यात्रा भरते. परंपरेनं समाधीचं वर्ष 1317. मडक्यावर थापटणं मारावं तसं संतांच्या डोक्यावर मारून 'हे मडकं कच्चं' असं नामदेवांबद्दल सांगणारे काका सगळ्यांना माहीत आहेत. आपण पोस्ट लिहिताना मात्र तगर वेगळं ठेवतो आणि तेरढोकी (गोरोबांच्या तेरचंच हे नाव) वेगळी. एक इतिहासप्रेमींची, एक वारकऱ्यांची. मला हा दुजाभाव खटकतो. वीट भाजणारे, बाहुल्या घडवणारे, पदकं ठसवणारे आणि मडकी घडवता घडवता अभंग रचणारे गोरोबा, हे एकाच मातीत हात घातलेले लोक आहेत. तेरमध्ये मातीकाम हा दुय्यम धंदा कधीच नव्हता, म्हणूनच इथल्या कुंभाराला ज्ञानोबांच्या मेळ्यात परीक्षक म्हणून उभं करताना कुणाला नवल वाटलं नाही. हे माझं मत, पुरावा मागू नका.

सांगायचं कारण, मध्यंतरी एका ग्रुपवर सूचना आली की हस्तिदंती बाईसारख्या मौल्यवान वस्तू मुंबईला हलवाव्यात, तिथं सुरक्षित राहतील आणि जास्त लोक बघतील. बरेच जण 'हो हो' म्हणाले. मी विरोधात आहे. सुरक्षेची काळजी खरी आहे, तर तिजोरी इथं द्या, माणसं इथं नेमा. मुंबईत ती काचेआड एकटी उभी राहील, खाली 'रोमन व्यापार' अशी पाटी लागेल आणि झालं. तेरमध्ये तिच्याभोवती बाकीचं सगळं आहे. तिच्याच काळातल्या मातीच्या बाहुल्या आहेत, पलीकडं पांढरी आहे, चार पावलांवर विटांची देवळं आहेत. शाळेतली पोरं मधल्या सुट्टीत येऊन तिला बघू शकतात. त्यांच्यातल्याच कुणाच्या तरी पणज्यानं पावसानंतर सापडलेला मणी लामतुऱ्यांच्या दुकानात नेऊन दिला असेल.

यात्रेला जाणाऱ्यांना एकच विनंती. दर्शन झालं की लगेच गाडीला स्टार्टर मारू नका, संग्रहालयही बघा. आणि पांढरीवर चढलात तर खापराचा तुकडासुद्धा खिशात घालू नका. सापडला तर संग्रहालयात नेऊन दाखवा.