बोर्डोची तोंडी परीक्षा

तेहेतीस वर्षं मी लातुरात रसायनशास्त्राचे बारावीचे पेपर तपासले. लातूर पॅटर्नच्या भरभराटीच्या काळात एकेका गुणासाठी पालकांच्या डोळ्यांत पाणी यायचं आणि मी अर्ध्या गुणासाठी समीकरणातला बाण भिंगातून बघायचो. निवृत्त झालो तरी परीक्षकगिरी सुटली नाही. गल्लीतली रांगोळी असो की गणपतीतली वक्तृत्व स्पर्धा, सगळे म्हणतात आधी सरांना दाखवा. पण गेल्या मे महिन्यातल्या एका शनिवारी भाच्यानं पुण्याहून जी उत्तरपत्रिका आणली ती काचेची होती आणि तिला बूच होतं.

"मामा, हिला मार्क द्या."

प्रकरण असं होतं की भाच्याचं लग्न ठरायच्या बेतात होतं. मुलीचे वडील वाईनमधले दर्दी. पहिल्या भेटीला रिकाम्या हातानं जाता येईना आणि पेढे न्यावेत तर त्यांना मधुमेह. फ्रान्समधल्या बोर्दो गावची खरी वाईन खिशाला परवडेना, म्हणून यानं नाशकाकडची 'बोर्दो धाटणीची' तांबडी बाटली उचलली होती. कॅबर्ने सोव्हिन्यो आणि मर्लो या दोन जातींच्या द्राक्षांची, साडेआठशे रुपयांची, वय वर्ष एक. ती नेण्यालायक आहे का, हे मी सांगायचं.

मीच का, तर, "मामा, तुम्ही कधी पीतच नाही. तुमच्याइतका निःपक्षपाती माणूस कुठं मिळणार?"

या युक्तिवादात कुठंतरी खोट आहे हे मला कळत होतं, पण कुठल्या पायरीला आहे ते सापडेना. पूर्ण गुण द्यावे लागले.

"आज मारुतीचा वार हाय," आतून हिचा आवाज आला. "काय गोंधळ घालायचा तो उद्या घाला. अन् माझ्या फ्रीजमध्ये ठेवायची न्हाई, सांगून ठेवते. विरजण हाय तिथं."

आता आली का पंचाईत. तांबडी वाईन खोलीच्या तापमानाला प्यावी असं जुनं वचन आहे म्हणे. पण वचन देणाऱ्याची खोली युरोपातली, १६ ते १८ अंशांची. आमच्या लातुरात त्या दिवशी बाहेर ४२ होतं आणि खोलीत पंखा गरम हवा सगळ्यांना सारखी वाटत होता. शेवटी भाच्यानं बाटली कूलरच्या टाकीत बुडवली.

रविवारी सकाळी उठलो तर कूलर नुसता घरघरत होता. वाळ्याच्या ताट्या कोरड्या ठाक. टाकीत हात घातला तेव्हा कळलं, बाटलीचं लेबल रात्रीतून सुटलं आणि पंपाच्या जाळीला जाऊन चिकटलं. सोलून काढलं तर त्याचा लगदा हातात आला. भाचा हळहळला, पण मला बरं वाटलं. बोर्डाच्या पेपरवर बैठक क्रमांक झाकतात तो कशासाठी? परीक्षकाला पोरगं कुणाचं ते कळू नये म्हणून. इथं कूलरनं परस्पर ती व्यवस्था केली होती.

बूच काढायचं हत्यार घरात नव्हतं. बुचात लाकडाचा स्क्रू पिळला, पकडीनं धरला आणि भाच्यानं बाटली दोन पायांत दाबून ओढलं. अर्धं बूच वर आलं, अर्धं आत गेलं. चहाच्या गाळणीतून गाळून घेतली. शोकेसमध्ये पंचवीस वर्षं खोक्यात बसलेला, भेट मिळालेला सरबताच्या ग्लासांचा संच त्या दिवशी पहिल्यांदा हवेला आला.

मग भाच्यानं मला अभ्यासक्रम सांगितला. आधी रंग. पांढऱ्या कागदावर ग्लास तिरका धरायचा आणि कड बघायची. कड जांभळट असेल तर वाईन कोवळी, विटकरी असेल तर मुरलेली. मी जुन्या पुरवणीचा कोरा कागद घेतला, ग्लास तिरका केला. कड जांभळीच. तिरका जरा जास्तच केला होता, त्यामुळे बनियनवरचा डागही जांभळाच पडला. उत्तर दोन ठिकाणी जुळलं.

दुसरा प्रश्न वासाचा. भाच्याच्या मोबाइलवर अपेक्षित उत्तरं होती: ब्लॅककरंट, देवदार, तंबाखू, पेन्सिलीचा तासा, ढोबळी मिरची. ब्लॅककरंट हे फळ असतं हे मला साठीत कळलं. आजवर मी त्याला आईस्क्रीमची जात समजत होतो. देवदार कधी हुंगला नाही. तंबाखूत मात्र आमच्या स्टाफरूमला कोणी हरवू शकत नाही. ग्लास गोल फिरवला, नाक आत घातलं, डोळे मिटले.

आणि खरं सांगतो, पेन्सिलीचा तासा आला. शंभर टक्के आला. पहिलीच्या वर्गात बाकाखाली साचतो ना, थोडा लाकडाचा, थोडा शिशाचा, तसाच. मला इतका आनंद झाला की पाठोपाठ ढोबळी मिरचीही आली आणि मी ओरडलोच, "मिरची! स्पष्ट मिरची!"

"येणारच की," ही स्वयंपाकघरातून म्हणाली. "ढोबळीच चिरायलेय मी."

गुण कापावेत का यावर थोडा वाद झाला. भाचा माझ्या बाजूनं होता. कॅबर्ने जातीच्या द्राक्षात पायराझिन नावाची संयुगं असतात, तीच ढोबळी मिरचीत असतात, आणि द्राक्ष नीट पिकलं नाही की त्यांचा वास जास्त मारतो, असं त्यानं सांगितलं. रसायन माझंच होतं, त्यामुळे मान डोलावणं भाग होतं. पण मिरची ग्लासातली की विळीवरची, हे आजही मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. त्यावर भाच्यानं धीर दिला. २००१ साली एक शोधनिबंध छापून आला होता. खुद्द बोर्दोच्या विद्यापीठात, वाईनचंच शिक्षण घेणाऱ्या ५४ जणांना संशोधकांनी पांढरी वाईन तांबडा रंग घालून दिली, आणि त्यांनी तिचं वर्णन तांबड्या वाईनच्या शब्दांत केलं. हे ऐकून माझ्यातला मास्तर फार दिवसांनी सुखावला. पाठांतर करून आलेली पोरं सगळ्या देशांत सारखीच.

तिसरा प्रश्न चवीचा, सर्वांत जास्त गुणांचा. घोट घेतला, सांगितल्याप्रमाणे तोंडात घोळवला. पहिल्यांदा आंबूस जांभूळ. मग एकदम जीभ टाळूला चिकटली, हिरड्या आकसल्या आणि गाल आतून कुणीतरी दोरीनं ओढल्यासारखे झाले. हे मला ओळखीचं होतं. लहानपणी आज्जी खोकल्याला हिरडा चोखायला द्यायची, अगदी तसं. बाभळीच्या काडीनं दात घासल्यावर होतं तसं.

हे टॅनिन. द्राक्षाच्या सालीत आणि बियांत असतं. लाळेतली प्रथिनं त्याला चिकटतात, लाळेचा बुळबुळीतपणा जातो आणि तोंड कोरडं पडतं. हिरड्यात आणि बाभळीच्या सालीत तेच असतं, म्हणून त्यांनी चामडं कमावतात. म्हणजे एक वर्षाची ही कार्टी माझी जीभ कमवायला निघाली होती.

"आता थुंका," भाचा म्हणाला.

"काय?"

"परीक्षक गिळत नाहीत मामा. दिवसाला पन्नास-साठ वाइनी चाखायच्या असतात त्यांना."

मी त्याच्याकडे बघतच राहिलो. ज्या गावाला २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, त्या गावात प्यायची वस्तू थुंकायची? थुंकायला आमचा विरोध नाही, आमच्या जिन्याचे कोपरे बघा. पण ते तंबाखूचं. मी गिळलं. शेवटपर्यंत गिळतच राहिलो, आणि पुढचं सगळं त्या प्रकाशात वाचावं.

गुण कितीपैकी द्यायचे? रॉबर्ट पार्कर नावाच्या अमेरिकन परीक्षकानं शंभरपैकी गुणांची पद्धत लोकप्रिय केली, पण ती सुरू होते पन्नासपासून. म्हणजे बाटली नुसती हजर राहिली तरी पन्नास! आमच्याकडे प्रॅक्टिकलला गुण वाटतात म्हणून उगाच बोंब. बोर्दोवाल्यांची तऱ्हा उलटी. १८५५ साली तिसऱ्या नेपोलियननं पॅरिसच्या प्रदर्शनासाठी त्यांची प्रतवारी करवून घेतली, पाच वर्ग पाडले. त्यानंतर वरच्या वर्गात ढकललं गेलं एकच पोरगं, मूतों रोथशिल्ड नावाची वाईन, दुसऱ्यातून पहिल्यात, तेही १९७३ साली. फेरतपासणीच्या निकालाला ११८ वर्षं! आमचं बोर्ड बरं म्हणायचं.

मी वीसपैकी द्यायचं ठरवलं. रंग चार, वास पाच (मिरचीचा अर्धा राखून), चव... एवढ्यात दारात जीप थांबली. औशाकडचे साडूभाऊ. तीन एकर द्राक्षबाग, सगळं गाव मला सर म्हणतं म्हणून तेही सर म्हणतात.

"कसलं औषध हाय सर, बिनलेबलचं?"

"बोर्दो," भाचा म्हणाला.

"बोर्डो?" साडूंनी बाटली खिडकीकडे धरली. "मग निळं कसं न्हाई? मोरचूद कमी पडलंय जणू. एक टक्क्याचं करायचं तर शंभर लिटर पाण्याला किलो मोरचूद अन् किलो चुना लागतोय बघा."

भाचा हसून गडबडा लोळला, पण साडूंचं चुकलं नव्हतं. बोर्डो म्हणजे द्राक्षावर फवारायचं औषध. मराठवाड्यातल्या कुठल्याही बागायतदाराला बोर्डो विचारा, तो फवाऱ्याचाच पंप काढेल. आणि नाव त्याच गावचं आहे. तिथल्या मेडॉक भागात रस्त्यानं जाणारे-येणारे द्राक्षं तोडून खायचे, म्हणून बागवाले कडेच्या वेलींवर मोरचूद, म्हणजे आमच्या रसायनातलं कॉपर सल्फेट, आणि चुना मारून ठेवायचे. दिसायला विषारी, चवीला कडू. १८८२ साली मिलार्दे नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की आतल्या वेली डावणी नावाच्या रोगानं झडल्यात आणि कडेच्या मात्र हिरव्यागार. १८८५ मध्ये त्यानं मिश्रण जाहीर केलं.

"म्हंजी चोरावर काढलेलं औषध रोगाला लागू पडलं?" साडू म्हणाले. "आमच्याकडं मारून बघा. चोर धुऊन खातेत."

तरी त्यांची खात्री पटेना. त्यांनी कमरेच्या चंचीतून अडकित्ता काढला, पातं धोतराला पुसलं आणि सरळ माझ्या ग्लासात बुडवलं. आम्ही तिघं एक मिनिट श्वास रोखून बसलो. बोर्डो मिश्रणाची ही जुनी परीक्षा आहे. लोखंडाच्या पात्यावर तांब्याचा तांबूस थर चढला तर मोरचूद मोकळं आहे, अजून चुना घाला, नाहीतर पानं भाजतील. पातं बाहेर आलं. साडूंनी उजेडात फिरवून पाहिलं, अंगठा ओढला.

"चालतंय. पानं भाजायची न्हाईत," असं म्हणून त्यांनी ग्लास रिकामा केला.

एवढा स्वच्छ निर्णय मी तेहेतीस वर्षांत दिला नाही.

मग मात्र ते गंभीर झाले. "साल जाड हाय ह्याची. बिया बी असनार." मी म्हणालो, हो, वाईनचं द्राक्ष बारीक, जाड सालीचं, बियांचं असतं. रंगही सालीतूनच येतो. साडू बराच वेळ बोलले नाहीत. त्यांचं सोनाका जातीचं द्राक्ष पातळ सालीचं, बिनबियांचं. एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरात गोडी छाटणी, शेततळ्याचं पाणी थेंबाथेंबानं मोजून पाजायचं आणि फेब्रुवारीत व्यापारी यायचा, एक मणी तोंडात टाकायचा आणि जरा तुरट लागला की भाव पाडायचा. "अन् हितं तुरटपणाचेच पैसे देतेत?" ते म्हणाले. याला माझ्याकडे आदर्श उत्तर नव्हतं.

रविवार असल्यामुळे मटण होतं. आधी मी ठेचा-भाकरीवर घोट घेतला, ती चूक झाली. तिखटावर ती वाईन अशी पेटली की डोळ्यांसमोर काजवे चमकले. पण मटणाचा चरबीचा तुकडा खाऊन घोट घेतला तर कमालच झाली. तुरटपणा वितळला आणि मागं नुसतं जांभूळ राहिलं. चरबी आणि प्रथिनं आली की टॅनिन लाळेचा नाद सोडतं. पोरगं तोंडी परीक्षेत अडखळलं होतं, पण पंगतीत मोकळं झालं. अशी पोरं मी खूप पाहिलीत.

तरी मी शिस्तीचा माणूस. लेबलाच्या लगद्यातून वाचलेल्या कोऱ्या तुकड्यावर निकाल लिहिला: 'वीसपैकी अकरा. विद्यार्थी होतकरू आहे. बोलणं फटकळ. संगत चांगली ठेवल्यास प्रगती होईल. घाईनं बोहल्यावर चढवू नये.' शेवटचं वाक्य वाचून भाचा जरा गोरामोरा झाला. सोमवारी पहाटेच्या बसनं तो निघाला.

तो गेल्यावर ओट्यावर बाटली दिसली. तळाला दोन बोटं उरली होती, तोंडाला हिनं माशा बसू नयेत म्हणून फडकं बांधलं होतं. ही देवळात गेली होती. वासाला म्हणून नाक लावलं आणि चवीला म्हणून घेतली. रात्रभर हवा खाऊन पोरगी पार बदलली होती. गालांची दोरी सुटलेली, जांभूळ गोल झालेलं, मागं तो पेन्सिलीचा तासा, आणि घरात मिरची कुठंही चिरत नव्हती. मी ताबडतोब भाच्याला फोन लावला. बस मुरूडच्या पुढं गेली होती.

"अरे, फेरतपासणीत अडीच गुण वाढले! साडेतेरा! तीच घे, फक्त जाण्याआधी तास-दोन तास उघडी ठेव."

"मामा, रात्रीच ठरवलं," पलीकडून बसच्या खडखडाटात आवाज आला. "मी आईस्क्रीम नेतोय. ब्लॅककरंट."

"अरे पण त्यांना मधुमेह..."

रेंज गेली.